तूरडाळ

महिन्याच्या पाच तारखेला आम्ही ऐरोलीच्या बाजारात जातो.
बाजार म्हणजे ते मोठं, गार, तीन मजली दुकान.
आत शिरलं की मला मीठ-साखर सुचते,
यांना चाकं.

पहिली ट्रॉली ओढली. पुढे ढकलली, मागे घेतली.
"डावीकडे ओढतेय." परत.
दुसरीच्या चाकात कुणाच्या तरी ओढणीचा दोरा.
वाकून तो काढला, खिशात ठेवला,
आणि तीही परत.
मागे रांग लागलेली. मी भिंतीकडे बघत उभी.
सव्वीस वर्षं तुर्भे डेपोत
गाडी तपासल्याशिवाय सही केली नाही या माणसानं,
आता काय करणार.

तिसरी पसंत पडली, मग यांचे कायदे सुरू.
डावी बाजू धरायची.
तेलाच्या रांगेचं वळण आंधळं आहे म्हणतात,
तिथं थांबायचं,
हॉर्न नाही म्हणून खाकरायचं.
समोरच्याच्या टाचेपासून दोन हात लांब.
का, ते माझी टाच सांगेल:
दिवाळीआधी एका पोरीनं मोबाईल बघत बघत
लोखंडी कड घातली होती,
आठ दिवस चप्पल चढली नाही.
"सॉरी आँटी" म्हणाली, तेही मोबाईललाच.

कुणी ट्रॉली आडवी लावून
साबणाचे भाव फोनवर घरी कळवत असलं
तर हे नुसते उभे राहतात.
दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही.
"जरा बाजूला घेता का?"
एकदाच, हळू. मग पुन्हा वाट बघणं.
मी असते तर कधीच ढकलली असती.

परवा मात्र लावला हात.

कडधान्यांची रांग.
ट्रॉलीत सामानावर उभा एक पोरगा, चारेक वर्षांचा,
एक पाय तांदळाच्या पिशवीवर, दुसरा कडेच्या जाळीवर,
आणि वरच्या फळीवरच्या भडंगाकडे झेपावलेला.
आई पाठमोरी, दोन पाकिटांवरचे आकडे ताडत.
एका बाजूची चाकं उचललेली मला दिसली
तोवर यांचा डावा हात दांड्यावर,
उजवा पोराच्या पाठीशी.
आणि पाय, मी बघितला,
उजवा पाय फरशीत दाबून धरला होता,
तिथं ब्रेक नसताना.

ती वळली.
"ओ काका, आमच्या ट्रॉलीला हात का लावताय?"
हे काही बोलले नाहीत.
"अद्वय, खाली बस!"
तो बसला, तेव्हा हात काढला.
मी तोंड उघडलं होतं. यांनी मान हलवली. नको.

डेपोतलं हे घरी आणत नसत.
फक्त एकदा, घणसोलीच्या वळणावर काहीतरी झालं,
त्या रात्री गॅलरीत बसून राहिले.
पायरीवर उभं होतं मूल, एवढंच म्हणाले.
वाचलं का, मी विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

बिलाच्या रांगेत गप्प.
खाली पार्किंगला उतार आहे.
लोक डिकी भरतात, ट्रॉली तिथंच सोडून निघतात,
मग तीही निघते, सावकाश,
कुणाच्या तरी दारावर डोकं आपटायला.
अशा चार गोळा केल्या यांनी,
एकीत एक, खडाक् खडाक्.
पिवळ्या जाकिटातला फैजान धावत आला,
"ठोंबरेकाका, राहू द्या, माझं काम आहे."
"गाडी जागेवर लागली की ड्युटी संपते रे."
वर दांडा रुमालानं पुसला.

रिक्षात बसल्यावर मी यादी काढली.
सगळं होतं. तूरडाळ नव्हती.
"उद्या परत यावं लागणार," मी म्हणाले, चिडूनच.
हे बाहेर बघत होते.
"येऊ की," म्हणाले,
आणि खिशातला तो ओढणीचा दोरा
बोटाला गुंडाळत राहिले.